तीनदा बुडवायचं नसतं, हमिदा

हमिदा, तू माझ्यावर रागावून गेलीस का? एवढं एकच मला कळायला हवं आहे. बाकीचं सगळं लोकांनी समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल, झटक्यात झालं. तुझा मुलगा म्हणाला, अम्मी नशीबवान, अंथरुणाला खिळली नाही. खालच्या मजल्यावरच्या बायका म्हणाल्या, चांगल्या माणसाला वर लवकर बोलावणं येतं. मी सगळ्यांपुढे मान डोलावली. पण आपल्या दोघींत एकोणीस दिवस जे चाललं होतं ते त्यांच्यातल्या कुणाला माहीतच नव्हतं, मग मी विचारणार कुणाला? म्हणून तुलाच विचारते. तू उत्तर देणार नाहीस हे कळतं मला. तू होतीस तेव्हा तरी सरळ उत्तर कुठे द्यायचीस.

सतरा वर्षं तळवलीच्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दारं आपली. मी कऱ्हाडकडची, तू मुरुडकडची. मी आले तेव्हा तू तुझ्या दारात मासळी निवडत बसली होतीस आणि मला बघून पहिलं वाक्य बोललीस, "मांजर पालू नको गो, मी आधीच सांगते." मी मांजर पाळणार नव्हते, पण तू असं म्हणाल्यावर पाळावंसं वाटलं होतं. आपली मैत्री ही अशी, पहिल्या दिवसापासून एकमेकींच्या विरुद्ध.

एका गोष्टीत मात्र आपण सारख्या होतो, आणि ती आपल्या फार उशिरा लक्षात आली. आपल्या दोघींची नखं कोरी. माझी कंपनीमुळे. रबाळ्याला औषधाच्या गोळ्या पॅक करायच्या लाईनवर मी सव्वीस वर्षं काढली. रोज सकाळी आत जाताना सुपरवायझर बाई दोन्ही हात उलटेपालटे करून बघायच्या. बांगडी नको, अंगठी नको, मेंदी नको, नेलपॉलिश तर नावालाही नको. लग्नातसुद्धा मी कधी लावलं नाही, दुसऱ्या दिवशी ड्युटी असायची. आणि तुझी नखं कोरी नमाजमुळे. रोज पाच वेळा वजू, हातपाय धुताना पाणी नखापर्यंत पोचलं पाहिजे, वर रंगाचा थर असला की पोचत नाही. तरुणपणी महिन्यातले ते चार-सहा दिवस नमाज माफ असायची, तेवढ्यात तू हौस भागवून घ्यायचीस. त्याला तू 'सुट्टी' म्हणायचीस. लाल रंग लावायचा, सुट्टी संपली की काढून टाकायचा. मग वयाप्रमाणे ती सुट्टीही कायमची बंद झाली. हे सांगताना तू हसली होतीस, पण मला ते हसणं फारसं पटलं नव्हतं.

मी रिटायर झाले त्याच आठवड्यात तू मोबाईल घेऊन आलीस. सुनेच्या, म्हणजे सनाच्या, फोनवर तुला कुठलासा व्हिडिओ सापडला होता. वाटीभर पाण्यात एक गोरी पोरगी नेलपॉलिशचे थेंब टाकते, एकात एक गोल पसरत जातात, टूथपिकनं त्यात रेघा ओढते आणि बोट आडवं बुडवून वर काढते तर नखावर सगळी नक्षी. वॉटर मार्बल म्हणतात त्याला, तू मला ऐटीत सांगितलंस. आणि मग माझं मनगट धरलंस.

"तुजी कंपनी सुटली. आता मना दे तुजा हात."

"माझा कशाला? माझी बोटं बघ, भेंड्यांसारखी."

"भेंडी तर भेंडी. माजा हात कामाचा नाय. मना शिकायचा हाय, शैला."

इतकी वर्षं माझ्याशी साखर-चहापत्तीवरून हुज्जत घालणारी बाई, पण त्या दिवशी अशा आवाजात बोललीस की मी हात पुढे केला. साठीला आलेल्या दोन बाया, एक शिकणार आणि एक नुसता हात देणार.

तेव्हापासून आपली वेळ ठरली. दुपारची, जोहरची नमाज उरकून तू येणार आणि चार वाजता असरच्या नमाजेआधी जाणार. माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, स्टीलची वाटी, तुझ्या बाटल्या. पहिला महिना नुसती फजिती. व्हिडिओतली बाई म्हणायची, पाणी रूम टेंपरेचरचं हवं. तू म्हणायचीस, म्हणजे माठातलं, माठ रूममध्येच तर हाय. माठातल्या गार पाण्यात थेंब पडला की जागच्या जागी गोळा व्हायचा. मग मी पाणी गॅसवर ठेवलं तर रंग पसरला आणि पसरल्याबरोबर वाळून त्याची साल झाली. पंखा चालू ठेवला तरी वाळायचा, बंद केला तर आपण दोघी घामाघूम. कातडीला रंग चिकटू नये म्हणून तू माझ्या बोटांना खोबरेल फासलंस, त्या तेलाचा तवंग पाण्यावर आला आणि रंग फाटत गेला. तू तेलाला शिव्या दिल्यास, मी तुला दिल्या.

आणि ते तीनदा बुडवणं! कितव्या तरी दिवशी पहिल्यांदा थेंब नीट पसरले होते, निळ्यात पांढरा, पांढऱ्यात निळा, पाच गोल. तू माझं बोट धरून अलगद आडवं बुडवलंस, वर काढलंस, आणि नखावर अख्खा भोवरा उतरलेला. मी "अगं हमिदा!" म्हणेपर्यंत तू तेच बोट दुसऱ्यांदा बुडवलंस आणि मग तिसऱ्यांदा. भोवऱ्याची चटणी झाली. मी ओरडले, तीनदा कशाला बुडवलंस? तू आपल्याच हाताकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "अगो सवय." वजू करताना हात तीनदा, तोंड तीनदा, पाय तीनदा. चाळीस वर्षं पाण्याशी जायचं ते तीनच्या हिशेबानं, त्या हाताला कुणी सांगायचं की इथे एकदाच. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतरही तू दोन-चार वेळा तीच चूक केलीस, आणि मी दर वेळी म्हणायची, तीनदा बुडवायचं नसतं, हमिदा. हे वाक्य मी आता कुणाला म्हणू? या वाक्याला जगात दुसरं कुणीच लागू नाही.

तू मलाही कमी बोलली नाहीस. माझी नजर पॅकिंगच्या लाईनवरची. जरासा बुडबुडा दिसला, कड फाटली, की मी "रिजेक्ट" म्हणायची आणि पुसून टाकायची. तू चिडायचीस, "ही गोली नाय, नख हाय! तुज्या कंपनीला नाय पाठवायचा." पण पुन्हा बाटली उघडायचीस. बोट पाण्यातच असताना वर उरलेला रंग टूथपिकनं गुंडाळून काढावा लागतो, नाहीतर बाहेर येताना तो नखावर दुसरा थर देतो. त्याला तू साय काढणं म्हणायचीस, आणि दुधावरची साय काढताना बाई जशी श्वास धरते तशी धरायचीस. एखाद्या डिझाइनला तू पापलेटचं खवलं म्हणायचीस. मला त्यात कधी खवलं दिसलं नाही, पण होकार द्यायची. तेवढा एकच होकार मी तुला बिनबोभाट दिला असेन.

खरं सांगायचं तर मला नखांचं काही नव्हतं. माझे हे जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्याला, फोन रविवारी. आठवडाभर मला हात लावणारं माणूस म्हणजे तू एकटी. दुपारी दीड-दोन तास कुणीतरी आपलं एकेक बोट धरून बसतं आहे, त्यावर फुंकर घालतं आहे, याचं मला केवढं सुख होतं हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. उलट, उपकार केल्यासारखा हात पुढे करायची. हे आता लिहिताना माझीच मला लाज वाटते.

मग पुतण्याचा साखरपुडा निघाला. आदल्या दिवशी तू माझ्या दहाही नखांवर मोरपंखी आणि सोनेरी भोवरे काढलेस. आठ पास झाले, दोन मी तुझ्याकडे बघून पास केले. कऱ्हाडला गेले. पंगतीत थोरल्या जाऊबाईंनी माझा हात सगळ्यांसमोर उचलून धरला आणि म्हणाल्या, "शैले, नखं रंगवलीयास व्हय? आता कुणासाठी गं?" सगळ्या हसल्या. वाईट मनानं नसतील हसल्या, पण हसल्या. मी पदराखाली हात घेतला तो घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

जाऊबाईंना मी काही बोलले नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायची आपली जुनी रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाटल्यांचा डबा घेऊन हसत आलीस आणि विचारलंस, "काय बोलली तिकडची?" आणि मी तुला ते वाक्य म्हणाले. इथे लिहिते, कारण ते लपवून तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "तुझा देव तुला रंगवू देत नाही, म्हणून माझा हात भाड्यानं घेतलायस का? मला विदूषक करून सोडलंस. उद्यापासून येऊ नकोस."

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसतं "बरा" म्हणालीस. एक शब्द. डबा उचललास आणि गेलीस.

एकोणीस दिवस. आठव्या दिवशी तू सनाच्या हाती ओल्या बोंबलांचं ताट पाठवलंस. मी खाल्लं, चांगलं झालं होतं. आणि ताट घासून रिकामंच परत दिलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे तळवलीत आल्यावर तुला मीच शिकवलं होतं. तेव्हा त्या रिकाम्या ताटाचा अर्थ तुला बरोबर कळला असणार. मला वाटायचं, आणखी दोन दिवस ताणू, मग जाऊ. माणूस असा कसा समजतो की समोरच्या दाराला मुदत नसते?

गुरुवारी दुपारी मी झोपले होते. साडेतीनच्या सुमाराला सनाची हाक ऐकू आली, तू हाक मारतेस तशी नव्हे, वेगळीच. मी धावत आले तेव्हा तू दिवाणावर कुशीवर होतीस. डॉक्टर आले आणि गेले. मग तुझी माणसं येत गेली, मुरुडची, तळोज्याची, घर भरून गेलं आणि मी दाराशी चपलांच्या जवळ उभी. तुम्हा लोकांत उशीर करत नाहीत, संध्याकाळीच न्यायचं ठरलं.

बायकांनी तुला आंघोळ घालायची तयारी केली आणि सना बाहेर आली. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काकी, तुमच्याकडं रिमूव्हर हाय ना? अम्मीच्या तीन बोटांना नेलपॉलिश हाय. ती काढल्याशिवाय गुसल होत नाय. सगळ्या विचारतात, ही कशी लावली म्हनून. मना तर कायच माहीत नाय."

मी घरातून बाटली आणि कापूस आणला. द्यायला गेले तर ती म्हणाली, "तुमीच काढा ना काकी. तुमाला येता." आतल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे नीट बघितलं, मग सरकून जागा दिली. त्या बाईचे मी आभार मानायचे राहिले आहेत.

तुझा हात मी हातात घेतला. आजवर तूच माझा धरायचीस, तुझा मी कधी धरलाच नव्हता. डावा हात, पहिली तीन बोटं. निळा आणि पांढरा. हमिदा, काय उतरले होते ते भोवरे! एकात एक सात गोल, कड कुठे फाटलेली नाही, बुडबुडा नाही, कातडीवर एक ठिपका नाही. एकदाच बुडवलेलं बोट होतं ते, मला दिसत होतं. सव्वीस वर्षांत मी लाखांनी माल तपासला असेल, असा निर्दोष क्वचित बघितला. वर्षभर जे माझ्या बोटांवर जमलं नाही ते तू एकटीनं, मदतीला दुसरा हात नसताना, स्वतःच्या नखांवर जमवलंस. आणि ते बघणारी मी एकटी, आणि पुसणारीही मीच. मी मोठ्यानं "पास" म्हणणार होते. कापूस घेतला आणि एकेक नख कोरं केलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. मी हात दिला नाही म्हणून तुला स्वतःची नखं घ्यावी लागली. इतक्या वर्षांचा तुझा नेम माझ्या एका वाक्यानं मोडला, आणि नेमका त्याच दुपारी. चार पाहुण्या बायकांनी तुझ्या बोटांकडे बघून भुवया वर केल्या त्या माझ्यामुळे. तू ते रंग रागानं लावलेस असंच मला वाटत होतं. घे, तुझा हात नको मला, माझा आहे. असंच म्हणाली असशील, आणि मला ते म्हणायचा तुला पूर्ण हक्क होता.

आज तू गेल्याचा बाविसावा दिवस. घर तेच, पण दुपार फार मोठी झाली आहे. जेवून ताट घासलं तरी एकच वाजलेला असतो. समोर पाण्याचा आवाज झाला की वाटतं तू वजू करते आहेस, पण सना भांडी घासत असते. परवा दुकानातून दोन बाटल्या आणून मी एकटीच नखं रंगवून बघितली. सना येता-जाता बघेल म्हणून दार लावून घेतलं. डाव्या हाताची दोन बोटं बरी जमली. उजव्याची वेळ आली तेव्हा डाव्या हातातून थेंब हवा तिथे पडेना, आणि बोट पाण्यात धरून साय काढायला माझ्याच दुसऱ्या हाताचा धीर होईना. शेवटी पाणी ओतून दिलं. दिवसभर मी एक अक्षर बोलले नव्हते हे मला संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना कळलं, घसा बसलेला होता. लोक म्हणतात शेजारीण गेली. शेजारीण गेली की काय काय जातं याला काही नाव नाही, आणि रजाही कुणी देत नाही. मुलगा म्हणाला, आई, पुण्याला ये काही दिवस. तिथे जाऊन मी कुणाशी भांडू?

काल सना तुझा बाटल्यांचा डबा घेऊन आली. म्हणाली, "काकी, ह्या तुमीच ठेवा. आमच्यात कोन लावनार?" मी डबा उघडून बघितला, नुसती चाळवाचाळव, हाताला काही काम हवं म्हणून. सहा बाटल्या, टूथपिकची डबी, चिकटपट्टी. सवयीनं विचारलं, "आणि तिचं रिमूव्हर कुठंय?"

"अम्मीचा रिमूव्हर?" सना म्हणाली. "तिनं कदी घेतलाच नाय. गेल्या महिन्यात मी बोलली, आनते एक बाटली. तर मनाच ओरडली. बोलली, शैलाकडं हाय ना, एका माल्याला किती बाटल्या लागतात?"

सना गेली. मी डबा मांडीवर घेऊन तशीच बसले. माझं डोकं हळू चालतं, तुला माहीत आहे, पण तपासणीचं काम असलं की चालतं. जोहर झाल्यावर तू रंग लावलास. चारला असर. त्याच्या आत नखं कोरी व्हायला हवीत, एरवी तुझी नमाज चुकते, आणि चाळीस वर्षांत तू जाणूनबुजून ती चुकवली नाहीस. तुझ्या घरात रिमूव्हर नाही. तळवलीच्या दुकानदाराकडे तू तसे रंगवलेले हात घेऊन गेली नसतीस. या अख्ख्या मजल्यावर बाटली एकच, माझ्या कपाटात. आणि हे तुला रंगाची बाटली उघडायच्या आधी, पहिला थेंब पाण्यात सोडायच्या आधी ठाऊक होतं.

म्हणजे तू येणार होतीस. चारच्या आत, माझं दार वाजवून, तो हात माझ्या नाकासमोर धरून. माझ्याकडून पास करून घ्यायला आणि मग पुसून घ्यायला. तू दुसरी वाटच ठेवली नव्हतीस, ना स्वतःला, ना मला.

पुसायचं काम झालं, हमिदा. मी नीट पुसलं, कडेला सुद्धा काही राहू दिलं नाही. पण तू दार वाजवलं असतंस तर मी आधी तुला दहा मिनिटं बोलले असते, एवढे दिवस कुठे मेली होतीस म्हणून. आणि मग पुसलं असतं.